'स्कात' म्हणजे कर आणि 'स्कात' म्हणजे खजिना

मार्चमधल्या एका रविवारी स्वयंपाक करता करता मी आमचा वर्षाचा टॅक्स भरून टाकला. भरून टाकला म्हंजे काय, तर मोबाईलवर स्वीडनच्या टॅक्स खात्याचं ॲप उघडलं, बँकआयडीने लॉगिन केलं, पगार, कापलेला टॅक्स, बँकेचं व्याज, घराच्या कर्जाचं व्याज हे सगळं त्यांनीच आधी भरून ठेवलेलं होतं, एकदा नजर फिरवली, बरोबर होतं, सही केली. संपलं. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत.

तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला आणि मी उत्साहात त्यांना हे सांगितलं. बाबा सांगलीत पस्तीस वर्षं सेल्स टॅक्सची कामं करायचे, वकील नव्हते पण मार्केट यार्डातले सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "अगं, कागद काही लावायचे नाहीत? आणि कुणी बोलावत नाही ऑफिसला?" नाही म्हटलं. मग थोडं थांबून म्हणाले, "त्या लोकांच्या रक्तातच आहे ते. आपल्याकडे नाही व्हायचं."

हे वाक्य तेव्हापासून डोक्यात घोळतंय. कारण बाबा उगाच बोलणाऱ्यातले नाहीत, त्यांनी आयुष्य या कामात काढलंय. लहानपणी दिवाळीत त्यांच्या पक्षकारांच्या पेढ्यांवर वहीपूजनाला आम्ही जायचो, हळद-कुंकू वाहिलेली लाल वही, पेढे, नवीन नोटा. आणि मग वर्षाच्या शेवटी आमच्या घरी यायची ती वही वेगळीच असायची. त्या वहीतला धंदा पूजेच्या वहीतल्या धंद्याच्या निम्मासुद्धा नसायचा. हे बाबांना माहीत असायचं, समोरच्यालाही माहीत असायचं, आणि ज्या ऑफिसरसमोर ती वही जायची त्यालाही माहीत असायचं. बाबांना त्याचा फार त्रास व्हायचा, रात्री जेवताना ते आईला म्हणायचे की मी आकडेमोड नाही करत, मी गोष्टी रचतो. तर त्यांच्या तोंडी "रक्तातच आहे" हे येणं मला समजतं. पण पटत नाही, आणि का पटत नाही तेच लिहायला बसलेय.

नऊ वर्षांपूर्वी गोथेनबर्गला आले तेव्हा माझंही मत हेच होतं. स्वीडिश माणूस म्हणजे प्रामाणिक, बस. भाषेच्या क्लासला पहिल्या महिन्यात एक शब्द आला, 'स्कात'. स्कात म्हणजे कर. आणि स्कात म्हणजे खजिना पण, समुद्री चाच्यांच्या गोष्टीत पेटी सापडते ती. आणि जुन्या पिढीतली नवरा-बायको एकमेकांना लाडाने हाक मारतात तीसुद्धा स्कात! मी वहीत लिहून ठेवलं होतं. कारण आपल्याकडचे शब्द आठवून बघा ना, घरपट्टी, पाणीपट्टी, सारा, फाळा, वसुली, भुर्दंड. यातल्या एकाही शब्दाने कुणी बायकोला हाक मारेल का. आपल्या शब्दांमध्ये कुणीतरी दारात येऊन उभं राहिलंय आणि ते काहीतरी घेऊन जाणार आहे, हेच आहे.

मग आमची मुलगी झाली. हॉस्पिटलने परस्पर कळवलं आणि थोड्याच दिवसांत तिच्या आयुष्यातलं पहिलं सरकारी पत्र घरी आलं, ते टॅक्स खात्याचं. कारण इथे जन्म, लग्न, पत्ता, नाव या सगळ्याची नोंद टॅक्स खातंच ठेवतं, १९९१ पर्यंत हे काम चर्चकडे होतं, मग ते टॅक्सवाल्यांकडे आलं. म्हणजे मुलीचा ओळख-नंबर तेच देतात, नाव काय ठेवलं तेही त्यांनाच कळवायचं. आणि पुढच्या महिन्यांत सरकारकडून बाळाचे १२५० क्रोनर दर महिन्याला खात्यात यायला लागले, आईबापांना मिळून ४८० दिवसांची रजा, बाळाच्या डॉक्टरला पैसे नाहीत. आमच्या गावचा म्युनिसिपालटीचा कर पगाराच्या साधारण ३२ टक्के जातो, वर वस्तूंवर २५ टक्के व्हॅट, लहान आकडे नाहीत हे. पण जातो कुठे ते दिसतं. पाळणाघराच्या खिडकीतून दिसतं.

तर इथपर्यंत मी बाबांच्याच बाजूची होते. मग रंगारी आला.

म्हणजे झालं असं की बाहेरच्या खोलीला रंग द्यायचा होता. एक रंगारी बघायला आला, साठीचा, इथलाच, सात पिढ्या इथल्याच असतील, भिंतीवर हात फिरवून म्हणाला एवढे एवढे होतील, आणि मग दाराशी बूट घालता घालता अगदी सहज, "किंवा बिल नको असेल तर कमी करता येईल." मी चकित झाले. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझ्या कानात एकदम सांगलीच्या कापडपेठेतला आवाज आला, "ताई पक्कं बिल पाहिजे की कच्चं?" तोच सूर, तीच सहजता. नंतर शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली हो, त्याला आमच्याकडे 'स्वार्त' म्हणतात, काळं काम. म्हणजे शब्दसुद्धा आहे! आपल्याकडे दोन नंबरचा, यांच्याकडे काळा.

आणि मग कळलं की सरकारलाही हे चांगलं माहीत होतं आणि त्यांनी त्यावर उपदेश नाही केला, हिशोब केला. २००७ पासून घरकामाच्या मजुरीतला ठरावीक हिस्सा सरकार भरतं, साफसफाईला निम्मा, दुरुस्ती-रंगकामालाही पुढे तसंच काहीतरी आलं, अट एकच, काम बिलावर पाहिजे. म्हणजे बिल घेतलं की ते मलाच स्वस्त पडतं. २०१० मध्ये रोख धंदा करणाऱ्या दुकानांना सील केलेल्या कंट्रोल बॉक्सची, म्हणजे प्रत्येक विक्रीची नोंद ठेवणाऱ्या डब्याची, गल्ल्याची मशीन सक्तीची केली. २०१९ पासून प्रत्येक मालकाने प्रत्येक कामगाराचा पगार दर महिन्याला टॅक्स खात्याला कळवायचा. सगळं रक्तातच असतं तर सीलबंद गल्ला कशाला लागला असता?

मला वाचायची सवय आहे, त्यात हा किडा डोक्यात, मग शोधत गेले. डेन्मार्क म्हणजे टॅक्स भरण्यात जगात वरचा नंबर, तिथे काही अर्थतज्ज्ञांनी टॅक्स खात्याला बरोबर घेऊन ४० हजारांहून जास्त करदात्यांवर प्रयोग केला, २०११ मध्ये तो छापून आला. काही जणांची कसून तपासणी, काहींची अजिबात नाही. निघालं काय, तर जे उत्पन्न मालकाने किंवा बँकेने आधीच परस्पर कळवलेलं असतं तिथे चोरी जवळपास शून्य. आणि जे माणसाने स्वतः लिहायचं, धंद्यातलं वगैरे, ज्याचा दुसरा साक्षीदार नाही, तिथे चोरी भरपूर. त्याच देशात, त्याच लोकांत. एकंदरीत चोरी कमी दिसते कारण साक्षीदार नसलेलं उत्पन्नच तिथे थोडं आहे.

हे वाचलं आणि मला एकदम आमचे दोन काका आठवले. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, दुसऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान. एका आईची मुलं, एका ताटात जेवलेली, आणि रक्तच म्हणाल तर अगदी तेच रक्त. मास्तरकाकांनी आयुष्यात एक रुपया टॅक्स बुडवला नाही. त्यांना बुडवताच आला नसता, पगार हातात यायच्या आधीच कापलेला असायचा. दुकानवाल्या काकांची वही बाबांकडे यायची. मास्तरकाका लग्नकार्यात कायम सुनवायचे की या व्यापाऱ्यांनी देश बुडवला, आणि दुकानवाले काका गप्प बसायचे, आणि दोघंही माझे फार लाडके.

जपानी लोकांमध्ये यासाठी एक म्हणच आहे, कुरोयोन. कु म्हणजे नऊ, रो म्हणजे सहा, योन म्हणजे चार. नोकरदाराचं दहातलं नऊ भाग उत्पन्न टॅक्सवाल्यांना दिसतं, स्वतःचा धंदा असणाऱ्याचं सहा, शेतकऱ्याचं चार. म्हणजे जो देश आपल्याकडे शिस्तीचं उदाहरण म्हणून शाळेत सांगतात तिथले नोकरदार पण चिडून हेच म्हणतात की आमचंच तेवढं दिसतं. तिथे पगारातून आधीच कापायची पद्धत १९४० पासून आहे.

अजून एक प्रयोग सांगते, हा माझा सगळ्यात आवडता. इटलीची प्रतिमा माहितीय आपल्याला, दुकानदार पावती देत नाही वगैरे. तर काही संशोधकांनी इटालियन आणि स्वीडिश लोकांना लॅबमध्ये बसवून एकच खेळ दिला, थोडं काम करून खरे पैसे कमवायचे, मग उत्पन्न जाहीर करून टॅक्स भरायचा, तपासणी होण्याची शक्यता थोडी, नियम दोघांना तेच. सरासरी प्रामाणिकपणा दोन्हीकडे जवळपास सारखा निघाला! फरक होता तो पद्धतीत. इटालियन लोक थोडं थोडं लपवत होते, जरा इकडे जरा तिकडे. स्वीडिश लोक एकतर पूर्ण खरं सांगत होते नाहीतर पूर्ण खोटं. म्हणजे संस्कृती होतीच त्यात, पण ती प्रामाणिक की अप्रामाणिक अशी नव्हती, ती चोरी कशी करायची याची होती. नियम तेच दिल्यावर माणसं बरीचशी सारखी वागली. हे मी बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले लॅबमधलं सोड, खऱ्या जगातलं सांग.

खऱ्या जगातलं पण आहे. न्यूयॉर्कला युनायटेड नेशन्समध्ये जगभरचे राजदूत-अधिकारी असतात, त्यांना पार्किंगचा दंड भरायची सक्ती २००२ पर्यंत नव्हती, राजनैतिक संरक्षण. मग कोण गाडी कशी लावतो? दोन अर्थतज्ज्ञांनी १९९७ ते २००२ ची दंडाची सगळी तिकिटं काढली, दीड लाखाहून जास्त न भरलेली तिकिटं, १ कोटी ८० लाख डॉलरचा दंड. कुवेतच्या लोकांची दर माणशी वर्षाला अडीचशेच्या आसपास. स्वीडन, नॉर्वे, जपान यांची शून्य. कुणी विचारणारं नव्हतं तरी शून्य. बाबा खूश. "बघ, मी म्हणतो ते हेच."

हो, हेच. मी ते नाकारत नाही. घरून आणलेली सवय असते आणि ती परदेशातही सोबत येते, कुणी बघत नसतानाही ती काम करते, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याच अभ्यासाचा पुढचा भाग असा की २००२ च्या शेवटी न्यूयॉर्कने ठरवलं, दंड भरला नाही तर गाडीची डिप्लोमॅटिक नंबरप्लेट काढून घेणार. आणि न भरलेली तिकिटं जवळपास ९८ टक्क्यांनी कमी झाली. माणसं तीच, देश तेच, संस्कार तेच. मग ते रक्त कुठे गेलं?

मला वाटतं जिला आपण संस्कृती म्हणतो ती म्हणजे समाजाला आठवत असलेला अनुभव. आणि प्रत्येक देशाचा अनुभव वेगळा आहे. ग्रीसचं बघा, चारशे वर्षं तुर्कांचं राज्य, कर म्हणजे परक्या सुलतानाचा, तो चुकवणं म्हणजे देशसेवाच. ते राज्य गेलं पण सवय नाही गेली. २०१० च्या संकटात अथेन्सच्या उत्तरेकडच्या श्रीमंत भागात टॅक्स फॉर्मवर ३२४ घरांनी लिहिलं होतं की आमच्याकडे स्विमिंग पूल आहे, उपग्रहाच्या फोटोत निघाले १६,९७४. आणि तिथल्या बँका डॉक्टर, वकील, इंजिनियर यांना कर्ज देताना टॅक्सवर दाखवलेलं उत्पन्न बघतच नव्हत्या, खरं किती असेल याचा अंदाज धरूनच कर्ज द्यायच्या. म्हणजे अख्ख्या व्यवस्थेने ते खोटं गृहीत धरलेलं. बाबा यावर नुसते हसले, कारण सांगलीत घराचा व्यवहार होताना पहिला प्रश्नच असतो, चेकने किती आणि कॅशने किती.

आपला अनुभव काय? इन्कम टॅक्स भारतात आला १८६० मध्ये, १८५७ च्या उठावाचा खर्च भरून काढायला. म्हणजे आपल्यालाच चिरडायला झालेला खर्च आपल्याकडूनच घेतला. मग १९२८ ला बारडोली, सारावाढीविरुद्ध शेतकऱ्यांनी सारा भरायलाच नकार दिला आणि वल्लभभाई तिथूनच सरदार झाले. १९३० ला मीठ, दांडीला आणि आपल्या कोकणात शिरोड्याला पण, लोकांनी डोकी फोडून घेतली पण कर मानला नाही. शाळेत आपण हे सगळं अभिमानाने शिकलो आणि अभिमान वाटायलाच पाहिजे. पण १९४७ नंतर कुणी बसून आपल्याला हे सांगितलं का, की आता तो कर त्यांचा नाही, आपला आहे? मला तरी आठवत नाही तसा धडा. ऑफिस तेच राहिलं, फाईल तीच, टेबलामागचा सूर तोच.

स्वीडनचं उलटं, पण तेही आपोआप नाही. १५४२ मध्ये स्मोलांडच्या शेतकऱ्यांनी निल्स डाकेच्या मागे राजाविरुद्ध उठाव केला, करवसुली करणाऱ्या अधिकाऱ्यांना मारलं होतं त्यांनी. पण तिथल्या संसदेत सरदार, धर्मगुरू, व्यापारी यांच्याबरोबर शेतकऱ्यांची स्वतंत्र जागा होती, शेकडो वर्षं, म्हणजे कर किती यावर बोलायला देणारा माणूस तिथे बसलेला असायचा. १७६६ मध्ये कायदा झाला की सरकारी कागद कुणीही बघू शकतो, म्हणून आज मी फोन उचलून आमच्या शहराच्या महापौराचं करपात्र उत्पन्न विचारू शकते, शेजारणीचंही. (शेजारणीचं विचारलेलं नाही.) आणि इतकं असूनही १९७६ मध्ये विश्वास पार तुटायला आला होता. टॅक्सच्या चौकशीसाठी पोलिसांनी दिग्दर्शक इंगमार बर्गमनला नाटकाची तालीम चालू असताना उचललं, त्याला त्याचा इतका धक्का बसला की तो देश सोडून गेला, पुढे आरोपात काही निघालं नाही. त्याच वर्षी मुलांची लाडकी लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन हिने पेपरात लिहिलं की माझ्या जास्तीच्या कमाईवर मला १०२ टक्के कर लागतोय, शंभर कमावले तर एकशे दोन द्या. सप्टेंबरात निवडणूक झाली आणि चाळीस वर्षं सत्तेत असलेला पक्ष पडला. नंतर दर खाली आले, खात्याने वागायची पद्धत बदलली, समोर आलेला चोर आहे असं न धरता तो भरायलाच आलाय असं धरायला लागले. तेव्हा कुठे माझ्या ॲपपर्यंत गाडी आली.

आणि आपल्याकडेही बदल होतोच आहे, हे मला बाबांना पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. २०१७ च्या बजेटच्या भाषणात अरुण जेटलींनी सांगितलं होतं की ३.७ कोटी लोकांनी रिटर्न भरलं, त्यात १० लाखांच्या वर उत्पन्न दाखवणारे फक्त २४ लाख, आणि एका वर्षात परदेशी विमानाने गेलेले २ कोटी. आपला समाज मोठ्या प्रमाणात कर न भरणारा आहे असंही ते म्हणाले. पण त्याच भाषणात हेही होतं की ५ लाखांच्या वर दाखवणाऱ्या ७६ लाखांपैकी ५६ लाख पगारदार. पुन्हा मास्तरकाका आणि दुकानवाले काका. आता २०२४ ला ३१ जुलैपर्यंत ७.२८ कोटी रिटर्न आले, त्यात बऱ्याच जणांचा कर शून्यच, पण फॉर्ममध्ये पगार-व्याज आधीच भरून येतं, स्वीडनसारखंच. ही सवय लागतेय.

फक्त नुसत्या पाळतीने ती लागेल असं मला वाटत नाही. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयचा हिशोब बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि बंगळुरूत भाजीवाल्या-बेकरीवाल्यांनी क्यूआर कोड काढून 'फक्त कॅश' असे बोर्ड लावले. कायदा सरकारच्या बाजूने असेल. पण ज्या माणसाला गटार तुंबल्यावर कुणी विचारलं नाही, दवाखान्यात रांग चुकली नाही, त्याला सरकारचं पहिलं पत्र आलं ते नोटिशीचं. आमच्या मुलीला आलेलं पत्र आणि हे पत्र, एवढाच फरक आहे बघा, आणि तो फार मोठा आहे.

डिसेंबरात सांगलीला गेले होते, बाबांच्या बाथरूमच्या फरश्या बदलायच्या होत्या, ते पाय घसरून पडले होते म्हणून खडबडीत फरशी हवी होती. दुकानात सगळं ठरलं, आणि मालक म्हणाला, "वकीलसाहेब, बिल करायचं की असंच? असंच केलं तर अठरा टक्के वाचतील तुमचे." मी काही बोलले नाही, मुद्दाम. बाबा फरशीवर अंगठा घासून बघत होते. मग म्हणाले, "पक्कं कर." मालकाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. बाबांनी परत सांगितलं. तर बिल करणारा पोरगा जेवायला गेला होता आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड त्यालाच माहीत. मालक म्हणाला थांबावं लागेल. बाबा म्हणाले थांबतो. त्याने दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला, आणि आम्ही पाऊण तास तिथे बसून राहिलो.